अंगणातल्या रेघा

कोटेशनच्या दुसऱ्या पानावर, सही-शिक्क्याच्या जरा वर, बारीक अक्षरात एक ओळ होती : 'जमिनीखालील सर्व वाहिन्यांची जबाबदारी मालकाची राहील.' मी ती दोनदा वाचली आणि कागद भाऊजींच्या पुढे ठेवला.

काम तसं लहानच. आमचा बंगला पुण्यातला, पस्तीस वर्षांपूर्वीचा. पावसाळ्यात मागच्या अंगणात घोट्याएवढं पाणी साठतं. म्हणून गच्चीवरचं पाणी पाइपानं खाली आणून शोषखड्ड्यात सोडायचं, आणि खड्डा भरला की वरचं पाणी फाटकाशेजारच्या पावसाळी गटाराच्या चेंबरला न्यायचं. नव्वद फूट चर आणि आठ फूट खोल खड्डा, एवढंच. तीन ठेकेदार येऊन पाहून गेले, तीन कागद आले. ज्याचा आकडा सगळ्यांत कमी, त्याच्याच कागदावर ही ओळ.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. चौतीस वर्षं त्यांनी ड्रेनेजची आणि पाण्याच्या लाइनींची कामं घेतली. आता गुडघे साथ देत नाहीत, मुलगा बघतो. मी शाळेत भूगोल शिकवला. कुठलीही जागा समजून घ्यायची तर आधी तिचा नकाशा हातात हवा, ही माझी सवय. त्यांची सवय आधी माती हातात घ्यायची. त्या संध्याकाळी चहा दोनदा झाला, तो ह्याच कारणानं.

"ही ओळ मी खोडणार," मी म्हटलं. "मशीन त्याचं, माणसं त्याची, अनुभव त्याचा, आणि केबल तुटली की जबाबदारी माझी? मग मी पैसे कशाचे देते त्याला?"

"खोदण्याचे," भाऊजी म्हणाले. "बघा ना कागदावर. जेसीबी तासावर. चर रनिंग फुटावर. मुरूम लागला तर जादा दर. शोधण्याचे पैसे कुठं लिहिलेत?"

नव्हते लिहिलेले. तिन्ही कागदांत नव्हते.

"ते वेगळे कशाला लिहायचे? सुतार दार बसवायला येतो तेव्हा आधी चौकट तपासतोच. त्याचे तो वेगळे मागत नाही."

"चौकट दिसते, वहिनी. इथं दिसत काहीच नाही. तो माणूस काल आला, पंधरा मिनिटं उभा राहिला, टेप लावली, गेला. त्याला काय ठाऊक तुमच्या अंगणात काय पुरलंय? आणि तासावर मशीन लावलं की पहिल्या मिनिटापासून सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. ऑपरेटरचं, मुकादमाचं, आणि राग मानू नका, मालकाचंही. खिडकीतून मालकीण बघत असते, मशीन थांबलंय का म्हणून. थांबलं की तिला वाटतं पैसे फुकट चालले."

मी राग मानला नाही. मागे टाकीचं काम झालं तेव्हा मी अशीच खिडकीत उभी होते.

"बरं, मग मी सांगते कसं करायचं ते," म्हणत मी वही उघडली. यादी तयार होती. महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग, ड्रेनेज विभाग, महावितरणचं शाखा कार्यालय, गॅस कंपनी, आणि गल्लीत ज्यांच्या तारा आल्यात ते इंटरनेटवाले. "प्रत्येकाला लेखी पत्र. शिवाय 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप आहे. २२ मार्च २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं. ज्याला खोदायचंय त्यानं जागा आणि दिवस कळवायचा, तिथं ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना निरोप जातो. एकमेकांना न विचारता केलेल्या खोदाईनं देशाचं वर्षाला सुमारे ३००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, हे सरकारनंच तेव्हा सांगितलं. एवढी सोय झाल्यावर अंदाजानं खोदणारा माणूस मला नकोच."

"अ‍ॅप चांगलं आहे. मुलगा रस्त्याच्या कामाला वापरतो, आणि तुमची पत्रंही जाऊ देत," भाऊजी म्हणाले. "पण निरोप पोचणं वेगळं आणि माणूस येऊन जमिनीवर रेघ मारून देणं वेगळं. आणि आलाच माणूस, तरी तो तुमच्या मीटरपर्यंत दाखवील. मीटरच्या आतलं कुणाच्या नकाशावर असतं?"

ह्यावर मला माझ्या लेकीचं अंगण आठवलं. ती न्यू जर्सीत असते. कुंपणाचे खांब रोवायचे होते तर ठेकेदारानं आधी ८११ ला कळवलं. अमेरिकाभर २००७ पासून हाच नंबर आहे, आणि घरमालकाला त्याचे पैसे पडत नाहीत. माणसं आली, गवतावर रंगाच्या रेघा मारून झेंड्या रोवून गेली. गॅस पिवळा, वीज लाल, पाणी निळं, फोन नारिंगी, सांडपाणी हिरवं. तिनं फोटो पाठवला तेव्हा मी तो वर्गात दाखवता आला असता तर किती बरं झालं असतं, असं म्हणाले होते. भाऊजींना मी तेच सांगू लागले आणि मध्येच थांबले.

"काय झालं?"

"गॅरेजकडे गेलेली वायर त्यात नव्हती. मीटरच्या पुढचं सगळं घरमालकाचं. ते तिनं वेगळा माणूस बोलावून, त्याचे पैसे देऊन शोधून घेतलं."

"तेच म्हणतोय मी," भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी त्या बारीक अक्षरातल्या ओळीवर बोट ठेवलं. "ओळ उर्मट आहे. पण सगळी खोटी नाही."

मी वही मिटली नाही. "निदान खोली तरी नकाशावरून कळते ना? नियम असतातच."

"असतात. आयएस १२५५. घरगुती दाबाची केबल किमान ७५ सेंटिमीटर खाली, ११ केव्हीची ९०, ३३ केव्हीची १ मीटर ५ सेंटिमीटर. खाली वाळू, वर वाळू, त्यावर विटा किंवा फरशी. टाकली त्या दिवशी ती तेवढीच खोल असेल, मी मानतो. पण जमीन कुठं जागेवर राहते? तुमचंच बघा. पुढं दादानं बाग केली तेव्हा दोन ट्रॉली लाल माती टाकली, म्हणजे पुढची लाइन फूटभर खाली गेली. मागं ब्लॉक बसवताना माती काढली, तिथली तेवढीच वर आली. पाइप हलला नाही, वहिनी, अंगण हललं. रस्त्याचंही तसंच. वर डांबर चढत जातं, कडेला गटारासाठी खरवडतात. नकाशावर ७५ लिहिलंय म्हणून साठपर्यंत बिनधास्त बकेट मारणारा ऑपरेटर मला भीतीदायक वाटतो. ज्याला काहीच माहीत नाही तो निदान घाबरून चालतो."

भूगोलाच्या शिक्षिकेला हे पटायला वेळ लागू नये. नदीचं पात्र सरकतं हे मी तीस वर्षं शिकवलं. अंगणही सरकतं हे मात्र मनात आलं नव्हतं.

"शोधायचं यंत्र असतं म्हणतात."

"असतं. दोन प्रकारची. एक काठीसारखं, वाहत्या विजेचं क्षेत्र पकडून आवाज देतं. केबल चालू असेल, तिच्यातून वीज वाहत असेल तर फार उपयोगी. लोखंडी पाइपावर बाहेरून सिग्नल सोडला तर तोही सापडतो. पण गॅसचा पाइप प्लॅस्टिकचा, पिवळा नाहीतर नारिंगी. त्याच्यासोबत तांब्याची तार टाकलेली नसेल तर ती काठी त्याच्यावरून मुकी जाते. दुसरं यंत्र रडारचं, खाली लहरी सोडतं. ते प्लॅस्टिकही दाखवतं, पण काळ्या चिकण मातीत, त्यातून ओलाव्यात, त्या लहरी वरच्यावर शोषल्या जातात. कोकणातल्या रेतीत जे दिसेल ते आपल्या काळ्या मातीत दिसेलच असं नाही. यंत्रानं दाखवलं तर विश्वास ठेवा. दाखवलं नाही तर 'खाली काही नाही' असं समजू नका."

"मग तुमचा उपाय काय?"

"खड्डा. चर जिथून जाणार, तिच्यावर जिथं जिथं काही आडवं जात असावं असा संशय, तिथं आधी हातानं छोटा खड्डा घ्यायचा. फावड्यानं, थर थर काढत. टिकाव नाही, पहार तर नाहीच. आणि माती वाचायची. आपल्याकडं खाली मुरूम. मुरमात अचानक मऊ वाळू लागली की हात थांबवायचा. वाळू तिथं आपोआप येत नाही, कुणीतरी आणून घातलेली असते. आडवी वीट लागली तरी तेच. प्लॅस्टिकची पट्टी दिसली तर तिच्या खाली हातभरावर वाहिनी आहे असं धरून चालायचं. एकदा वाहिनी डोळ्यांनी दिसली की तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट मशीन बंद. तेवढं हातानंच."

ही वाळूची खूण मला कुठल्याही पत्रव्यवहारातून कळली नसती. त्यांच्याकडच्या मजुरांना ती ठाऊक आहे, आणि ती कुठल्याच कोटेशनात छापलेली नसते. ज्या ठेकेदाराला काम द्यायचं त्याला मुरमात वाळू लागली तर काय करशील, एवढं एक विचारून बघावं, असं मला तेव्हाच वाटलं.

पण मी मुद्दा सोडला नाही. "भाऊजी, तुमचा खड्डा तीन फुटांचा. ठाण्यात एक बोअर घेतली, ती मुंबईला पाणी नेणाऱ्या महापालिकेच्या जलबोगद्याला जाऊन लागली. जमिनीखाली शंभर मीटरच्या आसपास असलेला बोगदा. त्याच्या दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून ३० दिवसांची १५ टक्के पाणीकपात मुंबईला जाहीर करावी लागली. तिथं फावडं काय करणार होतं? तिथं फक्त कागदच उपयोगी होता. बोअरवाल्यानं एका ठिकाणी विचारायला हवं होतं आणि उत्तर देणाऱ्यानं नकाशा उघडायला हवा होता."

ते गप्प बसले. मग म्हणाले, "हे खरं आहे. बोअरला खड्डा घेऊन चालत नाही. आणि गॅसचंही तसंच. गॅस आहे की नाही हे आधी माहीत असल्याशिवाय माझा पोरगा फावडंसुद्धा चालवत नाही. स्वयंपाकघरात शेगडीला गॅस येतो तो २१ मिलिबारनं. गल्लीतल्या प्लॅस्टिकच्या मोठ्या पाइपात तो ४ बारनं असू शकतो."

मी हिशेब केला. जवळजवळ १९० पट.

"एकेकाळी मीही कुणाला विचारत नव्हतो," ते म्हणाले. "तुम्हाला पहार ठाऊक आहे."

मला ठाऊक आहे. त्यांच्या गोडाऊनच्या भिंतीला ती टेकवून ठेवलेली असते. धंद्यात पडल्यावर दुसऱ्या वर्षी ते एका शाळेच्या मागे पाण्याची लाइन टाकत होते. शिपायानं सांगितलं, इथं खाली काही नाही. भाऊजींनी मानलं. मुरूम घट्ट होता म्हणून एका पोरानं पहार घेतली. तिसऱ्या घावाला जाड कापड एकदम फाटावं तसा आवाज झाला आणि पोरगा पाठीवर पडला. भुवया गेल्या, दोन्ही तळहातांची कातडी सोलली, दोन महिने तो दवाखान्यात होता. आज त्याला नातवंडं आहेत, पण उजवी मूठ पूर्ण मिटत नाही. पहारीचं टोक चार बोटं वितळून मेणबत्तीच्या ओघळासारखं एका बाजूला आलंय. मी त्यावरून बोट फिरवलंय. लोखंड तिथं गुळगुळीत लागतं.

"ती केबल शाळेचीच होती," भाऊजी म्हणाले. "मीटरपासून नव्या वर्गांकडे नेलेली. वीज मंडळाच्या नकाशात ती असणं शक्यच नव्हतं. मुख्याध्यापकांना ठाऊक होती. पण मुख्याध्यापकांना मी विचारलंच नाही, आणि शिपाई चार महिन्यांपूर्वी लागलेला."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मी माझ्या वहीतला शेवटचा मुद्दा काढला. खरं तर तोच मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटत होता. "म्हणूनच करारात दंड हवा. जे तुटेल त्याची पूर्ण भरपाई ठेकेदाराची, वर दंड. सरकारही तेच करतंय. दूरसंचार कायदा २०२३ मध्ये वाहिनीचं नुकसान केलं तर भरपाई आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. पैशाची भीती असल्याशिवाय माणूस जपून वागत नाही."

"वहिनी, तुम्ही असा करार केलात तर काय होईल सांगू? दुपारी तीन वाजता बकेटचा दात तुमच्या पाण्याच्या पाइपाला घासला. फुटला नाही, नुसता ओरखडा. मुकादमानं बघितलं. त्याला माहीत आहे की शेठ त्याच्या पगारातून कापणार, कारण शेठचे तुम्ही कापणार. तुम्ही आत झोपलेल्या. तो काय करील?"

मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर आमच्या मागच्या गल्लीत होतं. चार वर्षांपूर्वी तिथं कुणीतरी केबलसाठी खोदलं. एका जोडणीच्या पाइपाला घाव बसला, ते कुणी बोललं नाही. शेजारून ड्रेनेजचा जुना, तडकलेला पाइप जात होता. आपल्याकडे पाणी सकाळी दोन तास. पाणी चालू असेपर्यंत पाइप आतून बाहेर झिरपतो. ते बंद झालं की आत पोकळी होते आणि आजूबाजूचा ओलावा आत ओढला जातो. तीन घरांत कावीळ निघाली. काविळीचा विषाणू अंगात शिरल्यावर दिसायला काही आठवडे घेतो. तोवर चर बुजली होती, वर ब्लॉक बसले होते आणि खोदणारे पुढच्या कामाला गेले होते. लोक टाकी धुत राहिले, दूधवाल्यावर संशय घेत राहिले. घाव शोधायला आणखी बारा दिवस गेले. त्या तीन घरांपैकी एका घरातली मुलगी माझी विद्यार्थिनी. तिची दहावीची परीक्षा त्या वर्षी बुडाली.

तुटलेली केबल निदान ओरडून सांगते. दिवे जातात, फोन बंद पडतात, लोक धावत येतात. न तुटलेल्या वाहिनीवरचा ओरखडा मात्र गप्प राहतो. गेल्या आठवड्यात ह्या विषयावर जे हाती लागलं ते मी वाचत होते. बेल्जियममध्ये गिलांगियाँ नावाच्या ठिकाणी ३० जुलै २००४ ला गॅसची मोठी वाहिनी फुटली आणि २४ माणसं गेली. आधी तिथं चाललेल्या बांधकामात यंत्राचे ओरखडे पाइपावर उमटले होते आणि तसेच मातीखाली गेले होते. अमेरिकेत बेलिंगहॅम शहरात १० जून १९९९ ला पेट्रोलची वाहिनी फुटून ओढ्यात पेट्रोल वाहिलं, पेटलं. दहा-दहा वर्षांची दोन मुलं आणि अठरा वर्षांचा एक तरुण गेला. त्या पाइपाजवळ पाच वर्षांपूर्वी, १९९४ मध्ये, जलशुद्धीकरण केंद्राचं खोदकाम झालं होतं, आणि तपासात पाइपावरचे घाव तिथवर जाऊन पोचले. पाच वर्षं तो घाव मातीखाली होता. वाचलं तेव्हा मी ते यंत्रांच्या चुकांचे प्रसंग म्हणून वाचलं होतं. भाऊजींचा प्रश्न ऐकल्यावर मला त्यात माझ्याच वहीतली दंडाची ओळ दिसली.

"मग दंड नकोच म्हणता?" मी विचारलं.

"दंड हवा. लपवण्याला हवा. सांगणाऱ्याला नको. पोरानं येऊन 'मालकीणबाई, पाइपाला दात लागला' म्हटलं तर दुरुस्तीचा खर्च कोण देणार ते आधीच ठरवून ठेवा, आणि त्यातला एक रुपयाही त्याच्या मजुरीतून कापायचा नाही हेही लिहा. आणि मशीन थांबलं तर त्या थांबलेल्या तासाचेही पैसे द्या. ते देणार नसाल तर बाकी सगळं कागदावरच राहील."

मला हे जड गेलं, खोटं कशाला सांगू. थांबलेल्या मशीनचे पैसे द्यायचे, हे आपल्या अंगवळणी पडलेलं नाही. नारळ फोडायला आपण वीस मिनिटं आनंदानं देतो. पण मुरमात वाळू लागली म्हणून मजूर उकिडवा बसून हातानं माती बाजूला करत असेल तर तो वेळ आपल्याला रिकामा वाटतो. त्या संध्याकाळी मी स्वतःला बजावलं की त्या उकिडव्या बसलेल्या माणसाचीच मजुरी आपण सगळ्यांत आधी ठरवली पाहिजे.

मग आम्ही दोघांनी मिळून पान लिहायला घेतलं. ती बारीक अक्षरातली ओळ खोडली. तिच्या जागी लिहिलं, की कुंपणाच्या आतल्या खासगी वाहिन्या मालक दाखवील आणि बाहेरच्या खात्यांना ठेकेदार विचारील. उत्तरं आल्याशिवाय मशीन अंगणात येणार नाही. सहा तपासणी-खड्डे, प्रत्येकाचा वेगळा दर, चर सुरू व्हायच्या आधी पुरे करायचे. भाऊजींनी एक गोष्ट आग्रहानं घालायला लावली : मशीन चालवणारा माणूस सकाळी मालकासोबत सगळ्या रेघांवरून एकदा चालून जाईल. "पत्रं, नकाशे सगळे ठेकेदाराच्या खिशात असतात," ते म्हणाले, "आणि लिव्हर ऑपरेटरच्या हातात. तो त्या दिवसापुरता नाक्यावरून आलेला असतो. त्याला कागद कुणी दाखवत नाही. त्याला जमिनीवर दिसलं पाहिजे."

गॅसचं मी लिहिलं. वास आला किंवा फुसफुस ऐकू आली की काम टाकून सगळे लांब. बिडी नाही, दिव्याचं बटण दाबायचं नाही, तिथं उभं राहून मोबाइल लावायचा नाही. लांब गेल्यावर गॅस कंपनीच्या तातडीच्या नंबरला फोन. तो नंबर आधीच फाटकावर मोठ्या अक्षरात. पाइपात बोळा कोंबायचा नाही, आणि वरून माती तर अजिबात लोटायची नाही. माती लोटली की गॅसची वाट बंद होत नाही. तो मातीतून, ड्रेनेजमधून, केबलच्या पाइपातून सरकत जाऊन कुणाच्या तरी बंद खोलीत निघतो.

सगळ्यांत कमी रकमेच्या ठेकेदाराला हे पान दाखवलं. तो म्हणाला, एवढ्याशा चरीला एवढं कोण करतं. दुसऱ्यानं पान दोनदा वाचलं, सहाऐवजी आठ खड्डे लागतील म्हणाला आणि आकडा वाढवला. काम त्याला दिलं. वाळूचं मी विचारलंच. "थांबायचं, बाई," तो म्हणाला, "आणखी काय."

उत्तरं यायला अकरा दिवस लागले. महापालिकेच्या उत्तरातून पाण्याच्या जोडणीची जागा कळली. गॅसकडून एक मुलगा येऊन फाटकाच्या डाव्या अंगाला पाइप कुठून वळतो ते दाखवून गेला. चर जिथून जाणार तिथून तो जेमतेम दीड फुटावर होता. रेघा मी मारल्या. भाऊजी फक्की आणणार होते, पण घरात दिवाळीच्या रांगोळीच्या पुड्या उरल्या होत्या. गॅसला पिवळा, विजेला लाल, पाण्याला निळा, ड्रेनेजला हिरवा. लेकीच्या अंगणातलेच रंग. नव्या चरीला साधी पांढरी रांगोळी.

पांढरी रेघ प्राजक्ताजवळून जात होती. भाऊजी तिथं येऊन उभे राहिले आणि बराच वेळ खाली बघत राहिले.

"इथं दादानं वायर टाकली होती."

"कसली?"

"तुळशीच्या दिव्याची. तुम्ही माहेरी होतात, दिवाळीच्या आधी. मी पकड धरून उभा होतो. मी म्हटलं, दादा, पाइप आणू, दोन फूट खाली घालू. तो म्हणाला, एवढ्याशा दिव्याला कशाला."

ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांनी ही वायर मला कधी सांगितली नव्हती, सांगायचं मनातही आलं नसेल. वृंदावनाच्या कोनाड्यातला दिवा केव्हाच गळून पडला होता. तिथं एका भोकात कुजलेल्या टेपची गुंडाळी होती, आणि मी दर दिवाळीला त्यावरून चुना फिरवत आले होते.

मी खुरपं आणलं. भाऊजींना बसता येईना, म्हणून मीच बसले. वरची लाल माती, मग मुळं, मग बागेला पाणी घालायच्या हिरव्या नळीचा तुकडा. त्यांनी वायर नळीतून ओवून टाकली होती. एक वीत खोल. पांढऱ्या रेघेच्या बरोबर खाली.

भाऊजींनी वृंदावनाच्या भोकातली टेप पकडीनं सोडवली आणि उघड्या टोकाला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा लागला.

आत जाऊन मी बटणं एकेक करून बंद करत गेले. चौथ्याला बाहेरून आवाज आला, "गेला." त्या बटणावर 'माळा' असं त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं. मी टेप घेऊन पुन्हा बाहेर आले. वायर जिथं सापडली तिथून कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत ११ फूट ४ इंच, फाटकाच्या खांबापर्यंत १९ फूट. दोन्ही आकडे वहीत घातले, पुढे खोली लिहिली, तारीख लिहिली. लाल रांगोळी थोडी उरली होती. ती घेऊन मी प्राजक्तापासून वृंदावनापर्यंत आणखी एक रेघ काढली.